घर नंबर २०४ : एका कोड्याचं प्रकरण

रामानुजनांचे किस्से मराठीत भरपूर फिरतात. १७२९ नंबरच्या टॅक्सीचा तर शाळेच्या स्नेहसंमेलनातसुद्धा ऐकू येतो. त्या मानाने हा दुसरा किस्सा कमी सांगितला जातो, आणि सांगितला तरी ‘बघा, काय अफाट डोकं!’ एवढ्यावर आटोपतो. मला तो वेगळ्याच कारणासाठी मोलाचा वाटतो. एकाने दुसऱ्याला कोडं घातलं की नेमकं काय काय घडतं, हे बघायला इतकं आटोपशीर आणि तपशील हाताशी असलेलं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. दोन माणसं, एक मासिक, एक प्रश्न. उत्तरं मात्र दोन, आणि दोन्ही बरोबर.

प्रसंग

साल १९१४. रामानुजन एप्रिलमध्ये इंग्लंडला पोचले आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात राहू लागले. पक्के शाकाहारी, त्यामुळे कॉलेजच्या भोजनगृहाशी संबंध नाही. खोलीतच हाताने रांधायचं. ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झालं होतं. शेजारच्या किंग्ज कॉलेजात कलकत्त्याहून आलेले प्रशांतचंद्र महालनोबिस शिकत होते. वय एकवीस. पुढे भारतीय संख्याशास्त्र संस्था उभारणारे आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा करणारे ते हेच. तेव्हा मात्र नुसते विद्यार्थी. थंडीने कुडकुडणाऱ्या रामानुजनांना ब्लँकेटं गादीवर पसरायची नसतात, त्यांच्या आत शिरून झोपायचं असतं, हेही त्यांनीच दाखवून दिलं. रामानुजन तोवर ओव्हरकोट घालून, वर शाल ओढून पलंगावर झोपत होते!

एके दिवशी महालनोबिस रामानुजनांकडे जेवायला गेले. यजमान विस्तवावर पॅनमध्ये काहीतरी परतत होते. पाहुणे टेबलाशी बसून ‘स्ट्रँड’ मासिकाचा अंक चाळत होते. शेरलॉक होम्सच्या कथा छापणारं ते हेच मासिक. त्यात दर महिन्याला कोड्यांचं सदर असे. एका कोड्याशी महालनोबिस थबकले, थोडी आकडेमोड केली, आणि काही मिनिटांत उत्तर काढलं. मग गमतीने रामानुजनांना म्हणाले, हे घ्या, तुमच्यासाठी एक कोडं आहे. रामानुजन म्हणाले, कुठलं, सांगा की. हातातलं ढवळणं चालूच. महालनोबिसांनी कोडं वाचून दाखवलं. त्यावर रामानुजन म्हणाले, उत्तर लिहून घ्या, आणि त्यांनी एक कंटिन्यूड फ्रॅक्शन सांगितलं. म्हणजे असा अपूर्णांक, ज्याच्या छेदात पुन्हा अपूर्णांक, त्याच्या छेदात पुन्हा अपूर्णांक, आणि असंच पुढे. त्यातलं पहिलं पद म्हणजे महालनोबिसांनी काढलेलं उत्तर. पुढची पदं म्हणजे रस्ता लांबत गेला, घरं वाढत गेली, तर येणारी पुढची सगळी उत्तरं.

महालनोबिस थक्क झाले. हे सुचलं कसं, असं विचारल्यावर मिळालेलं उत्तर प्रसिद्ध आहे: कोडं ऐकताक्षणी कळलं की उत्तर कंटिन्यूड फ्रॅक्शनच असणार, मग कुठलं, एवढाच विचार केला, आणि ते मनात आलं.

कोडं

महालनोबिसांनी ही आठवण सांगितली ती पुष्कळ वर्षांनी. कोड्याचा प्रकार त्यांना आठवत होता, तपशील नाही. त्यांच्या आठवणीतलं कोडं असं: दोन ब्रिटिश अधिकारी पॅरिसमधल्या एका लांब रस्त्यावर दोन वेगवेगळ्या घरांत उतरलेले, त्या दोन घरांच्या नंबरांमध्ये एक विशिष्ट नातं, तर नंबर ओळखा.

वर्णनाशी जुळणारं कोडं ‘स्ट्रँड’च्या डिसेंबर १९१४ च्या अंकात सापडतं, पण त्यात पॅरिस नाही आणि अधिकारीही नाहीत. कोडं रचणारे हेन्री ड्यूडनी. ससेक्समधला माणूस, विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला, पण त्या काळच्या इंग्लंडातला कोड्यांचा अव्वल कारागीर. त्यांनी ते गावच्या एका गुत्त्यात घडवलंय. शेकोटीभोवती मंडळी बसलीत. विल्यम रॉजर्स नावाचा गावकरी आपल्या गावठी इंग्रजीत सांगतो, की परवा एक सद्गृहस्थ भेटले, त्या लुव्हेन गावाबद्दल बोलत होते, जर्मनांनी जाळलं ना, तेच. तिथे त्यांचा एक बेल्जियन मित्र राहायचा. लांबलचक रस्ता, त्याच्या बाजूच्या घरांना १, २, ३ असे ओळीने नंबर. गंमत अशी की मित्राच्या घराच्या एका अंगाच्या सगळ्या नंबरांची बेरीज आणि दुसऱ्या अंगाच्या सगळ्या नंबरांची बेरीज अगदी सारखी. त्या बाजूला घरं पन्नासहून जास्त होती, पण पाचशेहून कमी. आमच्या पाद्रीबाबांना सांगितलं, तर त्यांनी पेन्सिल घेऊन नंबर काढला. कसा काढला कोण जाणे.

लुव्हेन २५ ऑगस्ट १९१४ च्या रात्री पेटवलं गेलं. विद्यापीठाचं ग्रंथालय जुन्या हस्तलिखितांसकट खाक झालं. चार महिन्यांपूर्वीची ही बातमी इंग्लंडात घराघरात पोचलेली होती. ज्या रस्त्यावरची घरं जळून गेलीत त्याच रस्त्याच्या नंबरांवर कोडं रचायचं, हे आज कुणाला खटकेल. मलाही जरा खटकतं. पण कोडी घालणारे चालू जमान्याचाच माल उचलतात, हेही खरं.

या मजकुरात सांगणाऱ्यांची साखळी केवढी आहे पाहा. बेल्जियन मित्र, सद्गृहस्थ, रॉजर्स, पाद्री, गुत्त्यातली मंडळी, मग मासिकाचा वाचक. म्हणजे महालनोबिसांच्या हाती पडण्याआधीच हे कोडं, निदान कागदावर, चार तोंडांतून गेलेलं होतं. ड्यूडनींना नुसती समीकरणं मांडता आली असती, पण मग ती कुणी कुणाला सांगितली नसती.

पहिलं उत्तर

महालनोबिसांनी उत्तर अंदाजाने, करून बघत काढलं, असं तेच सांगतात. कागद घेऊन आपणही करून बघू. बीजगणिताची फारशी गरज नाही.

लहान रस्ता घ्या, आठ घरांचा. सहाव्या घरासमोर उभे राहा. अलीकडे १, २, ३, ४, ५, बेरीज १५. पलीकडे ७ आणि ८, बेरीज १५. जमलं! आता सगळ्या आठ नंबरांची बेरीज करा: ३६. म्हणजे ६ चा वर्ग. हा योगायोग नाही. दोन्ही अंगांची बेरीज सारखी असेल तेव्हा सगळ्या नंबरांची एकूण बेरीज नेमकी त्या घराच्या नंबराचा वर्ग असते. म्हणून प्रश्न असा झाला: १ पासून कितीपर्यंत बेरीज केली की पूर्ण वर्ग येतो?

१ पासूनच्या बेरजेचं सूत्र शाळेतलंच: शेवटची संख्या गुणिले तिच्या पुढची, भागिले दोन. लागोपाठच्या दोन संख्यांना सामाईक अवयव नसतो. त्यातली एक सम, तिला दोनाने भागायचं, आणि उरलेल्या दोघींचा गुणाकार वर्ग यायला हवा. सामाईक अवयवच नाही, तर दोघींनाही स्वतंत्रपणे वर्ग असावं लागतं. म्हणजे आपल्याला हव्यात अशा दोन शेजारणी, की एक पूर्ण विषम वर्ग आणि दुसरी कुठल्यातरी वर्गाची बरोब्बर दुप्पट.

पन्नास ते पाचशेमध्ये विषम वर्ग किती? ८१, १२१, १६९, २२५, २८९, ३६१, ४४१. सातच. प्रत्येकाच्या मागची आणि पुढची संख्या निम्मी करून बघायची. ८० चे निम्मे ४०, नाही. ८२ चे ४१, नाही. ६०, ६१, नाही. ८४, ८५, नाही. ११२, ११३, नाही. २८८ चे निम्मे १४४, म्हणजे बाराचा वर्ग! ३६१ आणि ४४१ कडे बघा हवं तर. १८०, १८१, २२०, २२१, एकही वर्ग नाही. तेव्हा रस्त्यावर २८८ घरं, आणि मित्राच्या घराचा नंबर १२ गुणिले १७, म्हणजे २०४. ताळा असा: १ ते २०३ ची बेरीज २०,७०६, आणि २०५ ते २८८ चीही २०,७०६.

महालनोबिसांनी याच क्रमाने केलं असेल असं नाही. पण काही मिनिटांत होण्याजोगं काम आहे, हे करून पाहिलं की पटतं.

‘पन्नासहून जास्त’ ही अट मला फार आवडते. नुसती वाचली तर सहज टाकलेली वाटते. पण याच जातीचा आणखी एक रस्ता आहे, ४९ घरांचा, ज्यात ३५ व्या घरासमोर उभं राहिलं की दोन्ही बाजू जमतात. ड्यूडनींनी कुंपण बरोबर ४९ च्या पलीकडे घातलंय. वरचं कुंपण पाचशेवर, कारण पुढचं उत्तर फार दूर आहे, ते चुकून आत येण्याची भीती नाही. कुंपणामुळे उत्तर एकच राहतं, आणि शोधायची जागा माणसाच्या आवाक्यात येते. पाद्रीबाबांची पेन्सिल पुरते ती म्हणूनच.

दुसरं उत्तर

रामानुजनांनी कुंपण काढून टाकलं. म्हणजे कोडं ऐकताना पन्नास आणि पाचशे हे आकडे त्यांच्या कानावर पडले, पण प्रश्नाचा गाभा त्यात नाही हे त्यांनी आधी ओळखलं. ‘कंटिन्यूड फ्रॅक्शनच असणार’ हे त्यांना जे लगेच कळलं ते का, हेही हाताशी असलेल्या आकड्यांवरून दिसतं. त्यांनी सांगितलेला अपूर्णांक महालनोबिसांच्या आठवणीत उतरवलेला नाही. त्यामुळे पुढची वाट रामानुजनांची हुबेहूब आहे असा दावा नाही. ठिकाण मात्र तेच.

२८९ आणि २८८. म्हणजे सतराचा वर्ग हा बाराच्या वर्गाच्या दुपटीहून फक्त एकाने जास्त. म्हणजेच १७/१२ चा वर्ग जवळजवळ २. म्हणजे १७/१२ जवळजवळ २ चं वर्गमूळ. तेव्हा कोड्याचा खरा प्रश्न असा निघाला: २ च्या वर्गमुळाच्या सर्वांत जवळ जाणारे अपूर्णांक कोणते? आणि वर्गमुळाच्या जवळ जाणारे उत्तम अपूर्णांक हवे असतील तर ते कंटिन्यूड फ्रॅक्शनमधूनच पडतात. रामानुजनांचा तर तो रोजचा खेळ होता.

ते अपूर्णांक असे: १/१, ३/२, ७/५, १७/१२, ४१/२९, ९९/७०… नियम सोपा आहे. अंश आणि छेद मिळवा, नवा छेद मिळाला. अंशात छेदाची दुप्पट मिळवा, नवा अंश मिळाला. आता प्रत्येकाचा अंश आणि छेद एकमेकांनी गुणा. १, ६, ३५, २०४, ११८९… हेच घरांचे नंबर! अंशाचा वर्ग आणि छेदाच्या वर्गाची दुप्पट, यातली लहान संख्या म्हणजे रस्त्यावरची एकूण घरं: १, ८, ४९, २८८, १६८१. हे कुठवरही चालू राहतं. घरांच्या नंबरांची आपसातली गाठही सुरेख आहे. कुठल्याही नंबराची सहापट करा आणि त्याच्या आधीचा नंबर वजा करा, पुढचा हजर. ३५ ची सहापट २१०, वजा ६, झाले २०४.

महालनोबिसांनी एका रस्त्यावरचं एक घर शोधलं. रामानुजनांनी त्या जातीचे सगळे रस्ते सांगितले. किस्सा इथेच थांबतो आणि आपण रामानुजनांना नमस्कार करून मोकळे होतो. मला मात्र या प्रकरणात महालनोबिसांचं काम तितकंच बघण्यासारखं वाटतं. त्यांनी कोडं आधी स्वतः सोडवलं. मगच दुसऱ्याला घातलं. घालताना सूर गमतीचा होता, परीक्षेचा नव्हता. ‘लिहून घ्या’ म्हटल्यावर लिहून घेतलं. आणि मुख्य म्हणजे, ‘बरोबर आहे, माझंही हेच आलं’ म्हणून अंक मिटला नाही; ‘कसं सुचलं?’ हे विचारलं. समोरून आलेल्या उत्तरात आपल्या उत्तराहून जास्त काहीतरी आहे, हे त्यांना ओळखता आलं, कारण त्या आकड्यांतून ते स्वतः नुकतेच गेले होते. उत्तर न काढता नुसतं वाचून दाखवलं असतं, तर ‘२०४’ एवढं ऐकून त्यांचं समाधान झालं असतं, आणि त्या अपूर्णांकाने बहुधा गोंधळच उडाला असता.

आपल्या फॅमिली ग्रुपवर नेमकं इथेच घोडं अडतं. सकाळी सकाळी ‘फक्त जीनियसच सोडवू शकतील’ असं कोडं येऊन पडतं. टाकणाऱ्याने ते सोडवलेलं नसतं, त्याला ते दुसऱ्या ग्रुपवरून आलेलं असतं. एखादी भाची चौथ्या मिनिटाला बरोबर उत्तर देते, वर थोडी रीतही लिहिते. त्यावर काका एक अंगठा टाकतात आणि पुढचं कोडं टाकतात. भाचीची रीत वाचली कुणी? पूर्वी हुमाण घालणारी आजी निदान ‘हरलास का? हरलो म्हण, मग सांगते’ एवढं तरी म्हणायची. उत्तर तिच्याजवळ असायचं, आणि आपली धडपड बघायला तिला वेळही असायचा.

आठवणीत काय उरलं

लुव्हेनचं पॅरिस झालं. बेल्जियन मित्राचे दोन ब्रिटिश अधिकारी झाले. घराचा नंबर आणि घरांची संख्या या दोन आकड्यांचे दोन घरांचे नंबर झाले. गुत्ता, शेकोटी, पाद्री, सगळं गळालं. टिकलं काय? लांब रस्ता, युद्धाची सावली, दोन संख्यांमधलं नातं, आणि रस्ता वाढेल तसं पुढचं उत्तर मिळत जाणं. कोडं तोंडोतोंडी फिरतं तेव्हा असंच होतं: नट बदलतात, सांगाडा राहतो. त्या दृष्टीने महालनोबिसांची आठवण अगदी चोख आहे, तपशिलात चुकलेली असूनही.

धोका असतो तो अट गळण्यात. यावर जुना आणि मोठ्या माणसांचा दाखला आहे. १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्मा या गणितज्ञाने इंग्रज गणितज्ञांना आव्हान दिलं. ते याच कुळातलं होतं: एखादी संख्या घ्या, ती कुठल्या वर्गाने गुणून एक मिळवला की पुन्हा वर्ग येतो? त्याच सुमारास त्याने हाच प्रश्न फ्रेनिकल या फ्रेंच गणितज्ञालाही घातला, आणि त्याला सुचवलेल्या संख्यांत ६१ होती. इंग्रजांनी आधी अपूर्णांकांत उत्तर काढून पाठवलं. ते अगदीच सोपं आहे. फर्माला पूर्णांक हवे होते, त्याने ते नाकारलं. मग त्यांच्यातल्या ब्राउंकर यांनी पूर्णांकांतली रीत शोधली, पण मधल्या काळात दोन्ही बाजूंनी कटुता यायची ती आलीच. ६१ साठी सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे. फर्माने ही संख्या काही उगाच निवडली नव्हती. कोडं म्हणून पाठवलं की आव्हान म्हणून, याने केवढा फरक पडतो! केंब्रिजच्या त्या खोलीत जेवण तयार होत होतं, ही गोष्ट मी दुय्यम मानत नाही.

चाळीसगावजवळचा पत्ता

६१ चं हे अजस्र उत्तर फर्माच्या पाच शतकं आधी भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात दिलेलं आहे, चक्रवाल नावाच्या रीतीने. भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांच्या मठाचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, त्यामुळे खानदेशात या घराण्याचा मान मोठा. पण आपल्या प्रकरणाचा धागा ६१ पेक्षाही जवळचा आहे.

रस्त्याचं कोडं समीकरणात मांडलं तर असं होतं: घराच्या नंबराच्या वर्गाला ८ ने गुणून १ मिळवा, तर पूर्ण वर्ग आला पाहिजे. (तो वर्ग एकूण घरांच्या दुपटीत एक मिळवून येणाऱ्या संख्येचा.) भास्कराचार्यांच्या बीजगणितात वर्गप्रकृतीच्या, म्हणजे याच जातीच्या समीकरणांच्या, प्रकरणात पहिलंच उदाहरण हे आहे: गणका, सांग, कोणत्या वर्गाला आठाने गुणून एक मिळवला तर वर्गच येतो? अगदी तेच. घरं नाहीत, रस्ता नाही, लुव्हेन नाही. फक्त आठ आणि एक. प्रश्न मात्र मित्राला विचारल्यासारखा, त्यांच्या नेहमीच्या लकबीने.

रीत ब्रह्मगुप्तांची, इ.स. ६२८ मधली. तिचं नाव भावना. पहिली जोडी डोळ्यांनी दिसते: १ च्या वर्गाची आठपट ८, अधिक १, नऊ, म्हणजे ३ चा वर्ग. १ हे कनिष्ठ पद, ३ हे ज्येष्ठ. आता ही जोडी स्वतःशीच भावायची. तिरकस गुणाकार करून बेरीज, ३ आणि ३, सहा: हे नवं कनिष्ठ. ज्येष्ठांचा गुणाकार ९, कनिष्ठांच्या गुणाकाराची आठपट ८, बेरीज सतरा: हे नवं ज्येष्ठ. पुन्हा पहिल्या जोडीशी भावलं की ३५ आणि ९९. १, ६, ३५. आपल्याच घरांचे नंबर, बाराव्या शतकातल्या पोथीत! आणखी एकदा भावलं की २०४ आणि ५७७.

५७७ वरून आणखी एक. बौधायन शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी बांधण्याच्या प्राचीन नियमांत, वेदीच्या कर्णासाठी २ चं वर्गमूळ असं दिलंय: एक, त्यात त्याचा तिसरा भाग, त्यात त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग, आणि त्यातून या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा. बेरीज करून बघा, ५७७/४०८ येते. छेदाचं निम्मं २०४. अंशातून एक काढून निम्मं केलं की २८८. गुत्त्यातल्या रॉजर्सला आणि त्याच्या पाद्रीला याचा पत्ता असण्याचं कारण नाही, पण बेल्जियन मित्राचं घर आणि त्या बाजूची सगळी घरं त्या एका अपूर्णांकात बसलेली आहेत.

यावरून ‘आमच्याकडे सगळं होतंच’ असा गजर करायचा मोह होतो. तो आवरावा. बौधायनांना वेदी बांधायची होती, ब्रह्मगुप्तांना समीकरण सोडवायचं होतं, ड्यूडनींना महिन्याचं सदर भरायचं होतं. २ चं वर्गमूळ सगळ्यांच्या वाटेवर होतं, म्हणून तेच आकडे सगळ्यांना भेटले.

रामानुजनांनी घातलेलं कोडं

रामानुजन नुसते कोडी ऐकणारे नव्हते, घालणारेही होते. इंग्लंडला जाण्याआधी, १९११ मध्ये, त्यांनी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात वाचकांसाठी एक प्रश्न दिला. क्रमांक २८९. (आपल्या सतराच्या वर्गाशी काही संबंध नाही, पण लिहिताना गंमत वाटली.) ही सोसायटी १९०७ मध्ये स्थापन झालेली, आणि तिचं ग्रंथालय तेव्हा पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात होतं. प्रश्न असा: १ अधिक २ गुणिले वर्गमूळ, त्या वर्गमुळाच्या आत १ अधिक ३ गुणिले वर्गमूळ, त्याच्या आत १ अधिक ४ गुणिले… असं अनंत आत आत जात राहायचं, आणि या सगळ्यावर बाहेरून एक वर्गमूळ. किंमत किती?

सहा महिने कुणाचंच उत्तर आलं नाही. शेवटी रामानुजनांनीच ते दिलं: ३.

ड्यूडनींच्या कोड्यापुढे हे ठेवलं की रचनेतला फरक दिसतो. उलगडा तसा सोपा आहे. ३ म्हणजे ९ चं वर्गमूळ. ९ म्हणजे १ अधिक २ गुणिले ४. ते ४ म्हणजे १६ चं वर्गमूळ. १६ म्हणजे १ अधिक ३ गुणिले ५. ५ म्हणजे २५ चं. २५ म्हणजे १ अधिक ४ गुणिले ६. एकदा दिसलं की आठवीतला मुलगाही मान डोलावेल. (अनंतापर्यंत नेताना थोडी काळजी घ्यावी लागते, ती वेगळी.) पण उत्तर माहीत नसताना आत शिरायला कुठे जागा नाही. करून बघावं तर कुठून सुरू करावं तेच कळत नाही, कारण सगळ्यात आतला आकडा अस्तित्वातच नाही. कॅल्क्युलेटर नसलेल्या माणसाला चार पायऱ्यांवर कापून अंदाज घेणंही जिवावर यायचं. ड्यूडनींनी ‘पन्नास ते पाचशे’ म्हणून दारात दिवा लावला होता. रामानुजनांनी थेट किल्ला समोर ठेवला.

माझ्या मते कोडं म्हणून ड्यूडनींचं सरस, गणित म्हणून रामानुजनांचं. ज्यांना ग्रुपवर कोडी टाकायची आहेत त्यांनी हे दोन्ही नमुने शेजारी ठेवून बघावेत. कुंपण नको तितकं घट्ट केलं तर समोरचा नुसते आकडे घालून बघतो, सुटतं, विसरतो. कुंपणच नसेल तर शंभरातले नव्याण्णव वाचून पुढे सरकतात आणि तुम्हालाच सहा महिन्यांनी उत्तर लिहावं लागतं. लुव्हेनच्या रस्त्यात दोन्ही साधलं होतं: पेन्सिलवाल्याला आत जायला दार, आणि ज्याला कुंपण नको त्याला पलीकडे मोकळं रान.

जाता जाता, भास्कराचार्यांच्या त्या आठाच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग अजून सांगितलेला नाही. त्याच श्लोकात ते पुढे विचारतात: आणि मित्रा, कोणत्या वर्गाला अकराने गुणून एक मिळवला तर वर्ग येतो? पहिली जोडी दहाच्या आतच सापडते, तोंडी. दुसऱ्या जोडीसाठी वरची भावना वापरा, आठाच्या जागी अकरा. तिचं कनिष्ठ पद शंभराच्या आत आहे. उत्तर इथे छापत नाही.